पिंगची दवंडी, स्पॅमची दिवाळी

2023च्या जून महिन्यात गूगलने एक छोटी सोय बंद करत असल्याचं जाहीर केलं. संकेतस्थळावर नवी पानं आली की मालकाने एका ठरावीक पत्त्यावर निरोप धाडायचा, ‘माझी पानांची यादी बदलली आहे, बघून घ्या’, आणि गूगलच्या यंत्राने ती यादी पुन्हा वाचायची, एवढंच त्या सोयीचं काम. निरोप धाडणारा कोण, हे कुणी विचारत नसे. बंद करण्याचं कारण गूगलने आडपडदा न ठेवता सांगितलं: असे बिनओळखीचे निरोप आता फारसे उपयोगी राहिलेले नाहीत आणि त्यांतले बहुसंख्य स्पॅमकडेच घेऊन जातात. मायक्रोसॉफ्टच्या बिंगने तर त्याच्या वर्षभर आधी, 2022च्या मे महिन्यात, हे दार लावून घेतलं होतं.

वर्तमानपत्रांनी याची दखल घ्यावी असं त्यात काही नव्हतं. पण ज्यांनी ब्लॉगचा बहराचा काळ पाहिला आहे, त्यांना यात एका मोठ्या प्रयोगाची अखेर दिसली असेल. आपल्याकडे काहीतरी नवीन आहे हे जगाला फुकट, तत्काळ आणि ओळख न दाखवता सांगता यावं, हा तो प्रयोग. तो ब्लॉगांपासून सुरू झाला, काही वर्षं दणक्यात चालला आणि मग स्पॅमने त्याला आतून पोखरलं. त्या निरोपाचं नाव पिंग. नेमकं काय बिघडलं आणि त्यावर काढलेले उपाय कितपत लागू पडले, हे आज शांतपणे पाहता येतं, कारण आता त्यात कुणाचा फारसा पैसा अडकलेला नाही.

मूळ अडचण खरी होती. 1990च्या दशकाच्या शेवटी ब्लॉग लिहिणारे मूठभर होते, तरी कुणी काही नवीन लिहिलंय का हे पाहायला वाचकाला प्रत्येकाच्या पानावर स्वतः जावं लागे. सर्च इंजिनांची यंत्रं फिरत फिरत एखाद्या लहान संकेतस्थळावर पुन्हा यायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागत. डेव्ह वायनर हा अमेरिकी प्रोग्रॅमर. ब्लॉगचं ताजं लेखन ‘फीड’मधून वाचकाला पोचवणाऱ्या आरएसएसच्या घडणीतलं त्याचं नाव अनेकांना ठाऊक असेल. त्याने 1999मध्ये वेबलॉग्ज डॉट कॉम सुरू केलं: नुकत्याच बदललेल्या ब्लॉगांची एक यादी, सगळ्यांना खुली. सुरुवातीला त्याचं यंत्र स्वतःच ठरावीक वेळाने सगळ्या ब्लॉगांवर चक्कर मारून काय बदललं ते पाही. ब्लॉग वाढले तशी ही चक्कर परवडेना. मग उलटी व्यवस्था आली. ब्लॉगनेच कळवायचं, ‘मी बदललो.’

हा निरोप आतून कसा असे ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे, कारण पुढची सगळी कथा त्यातच दडलेली आहे. एक्सएमएल-आरपीसी नावाच्या, 1998च्या सुमारास वायनरने मायक्रोसॉफ्टमधल्या काही जणांबरोबर बनवलेल्या पद्धतीने तो जाई. पाच-सात ओळींचा मजकूर. वरच्या ओळीत हुकूम: वेबलॉगअपडेट्स डॉट पिंग. खाली फक्त दोन गोष्टी: ब्लॉगचं नाव आणि ब्लॉगचा पत्ता. पासवर्ड नाही, सही नाही, किल्ली नाही, काय नवीन लिहिलंय याचा उल्लेखसुद्धा नाही. पलीकडून उत्तर येई तेही दोन गोष्टींचं: चूक झाली की नाही, आणि एक सौजन्याचं वाक्य. लेखकाला यातलं काहीच दिसत नसे. त्याने ‘प्रकाशित करा’ दाबलं की सॉफ्टवेअर मागच्या मागे हा निरोप धाडून मोकळं होई. वेबलॉग्ज डॉट कॉम मग त्या ब्लॉगचं नाव, पत्ता आणि किती सेकंदांपूर्वी तो बदलला याची नोंद एका फाइलमध्ये करी. ती फाइल कुणीही, कितीही वेळा उतरवून घ्यावी. दवंडी पिटायची तीही फुकट आणि ऐकायची तीही फुकट.

त्या काळी हे वेडेपणाचं वाटलं नाही. ब्लॉग लिहिणारे एकमेकांना ओळखत होते. खोटी दवंडी पिटून कुणाला काय मिळणार? हा प्रश्न 2001मध्ये रास्तच होता, कारण खरोखरच काही मिळत नव्हतं.

पिंग घेणारी ठिकाणं मात्र भराभर वाढली. जिम विन्स्टेडचं ब्लो डॉट जीएस आलं. 2002च्या अखेरीस डेव्हिड सिफ्रीचं टेक्नोराती आलं, आणि ब्लॉगांचं सर्च इंजिन म्हणून ते पुढची काही वर्षं या जगाचं जणू जनगणना-कार्यालय होऊन बसलं. फीडस्टर, पबसब, आइसरॉकेट अशी आणखीही होती. यांतली काही तर आगाऊ वर्दी देत: तुम्ही एखादा शब्द, अगदी स्वतःचं नावसुद्धा, नोंदवून ठेवा, कुठल्याही ब्लॉगवर तो आला की तुम्हाला कळवू. एवढ्या सगळ्यांना वेगवेगळा पिंग कोण पाठवणार, म्हणून 2004मध्ये पिंग-ओ-मॅटिक निघालं. वर्डप्रेस या ब्लॉग-सॉफ्टवेअरचा मॅट मुलेनवेग आणि डूगल कॅम्पबेल या दोघांची ती निर्मिती. तिला एक पिंग द्यायचा, ती तो डझनावारी ठिकाणी पोचवी. वर्डप्रेसमध्ये तिचा पत्ता आधीपासूनच भरलेला असे आणि आजही असतो. 2005च्या सप्टेंबरात गूगलने ब्लॉगांसाठी वेगळा शोध सुरू केला, तेव्हा त्याचाही आधार हीच पिंगची वाट होती.

इथे जरा थांबायला हवं, कारण पिंगने एका निरोपात दोन निराळी कामं कोंबली होती आणि ते फारसं कुणाच्या ध्यानात आलं नाही. पहिलं काम, ओळखीच्यांना कळवणं: जे मला आधीपासून वाचतात त्यांना नवं काही आल्याचं समजावं. दुसरं, अनोळखी लोकांपुढे उभं राहणं: ज्यांनी माझं नावही ऐकलेलं नाही त्यांच्या शोधात, यादीत, वर्दीत माझं पान दिसावं. पहिल्यात स्पॅमवाल्याला रस नसतो, त्याला मुळात वाचकच नसतात. दुसरं काम म्हणजे त्याचा धंदाच. माझ्या मते पिंग-सेवांचं पुढे जे झालं ते या एका गोंधळातून झालं. सेवा चालवणाऱ्यांचा भाबडेपणा, गूगलचा लोभ, स्पॅमवाल्यांची चलाखी ही कारणं खरी असली तरी त्यानंतरची.

पैसा आला 2003मध्ये. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत गूगलने ब्लॉगर ही सेवा चालवणारी पायरा लॅब्ज विकत घेतली, आणि त्याच वर्षी गूगलचं जाहिरातींचं जाळं अ‍ॅडसेन्स सुरू झालं. आता फुकट ब्लॉग काढा, त्यावर गूगलच्याच जाहिराती लावा आणि दर क्लिकमागे पैसे मिळवा, असं चक्र पूर्ण झालं. त्यात सर्च इंजिनांना ताज्या मजकुराची ओढ. ‘ब्लॉग अँड पिंग’ नावाची युक्ती 2004-05मध्ये इंटरनेटवर चक्क पुस्तिका आणि सॉफ्टवेअर करून विकली जात होती. युक्ती सरळ होती. आपल्या मुख्य संकेतस्थळाकडे नेणाऱ्या लिंका टाकलेला एक ब्लॉग काढायचा, त्यात यंत्राने मजकूर भरायचा, दर नोंदीनंतर पिंग-ओ-मॅटिकला हाक मारायची, आणि सर्च इंजिनचं यंत्र धावत येऊन सगळी पानं नोंदवून घेतं. एरवी आठवडे लागणारं काम दिवसभरात.

अशा ब्लॉगला ‘स्प्लॉग’ हे नाव पडलं. स्पॅम अधिक ब्लॉग. 2005च्या ऑगस्टमध्ये मार्क क्यूबनने तो शब्द वापरला आणि तो सर्वतोमुखी झाला. क्यूबन म्हणजे अमेरिकेतला धनाढ्य उद्योजक, तेव्हा एका बास्केटबॉल संघाचा मालक, पण इथे महत्त्वाचं हे की त्याचा पैसा आइसरॉकेट या ब्लॉगशोधात गुंतला होता. म्हणजे तक्रार करणारा भुक्तभोगी होता. स्प्लॉग ओळखू यायला फार अक्कल लागत नसे. पत्त्यात आडव्या रेघांनी जोडलेले चार-पाच शब्द: गृहकर्ज, वजन, औषधं, विमा यांपैकी काहीतरी. नोंदींचे मथळे त्याच शब्दांच्या उलटापालटीचे. मजकूर म्हणजे कुणा खऱ्या लेखकाच्या फीडमधून उचललेले दोन परिच्छेद, किंवा सर्च इंजिनाच्या निकालांचे तुकडे एकामागून एक शिवलेले, मध्येच तुटणारी वाक्यं. वरती आणि मध्यभागी जाहिरातींचा चौकोन, लिंकांसारखाच दिसणारा. उजव्या पट्टीत त्याच माणसाच्या आणखी वीस स्प्लॉगांची यादी. वाचणारा चुकून आलाच, तर बाहेर पडायला जाहिरातीवर क्लिक करणं हाच सोपा मार्ग.

आणि या प्रत्येक नोंदीबरोबर एक पिंग. खोट्या पिंगांनाही मग नाव मिळालं, ‘स्पिंग’.

2005चं वर्ष या कथेत सगळ्यात गजबजलेलं आहे. ऑक्टोबरमध्ये व्हेरिसाइन या कंपनीने वेबलॉग्ज डॉट कॉम वायनरकडून विकत घेतलं, सुमारे 23 लाख डॉलरना. तेव्हा तिथे रोज वीस लाखांच्या आसपास पिंग येत होते, आणि एका माणसाच्या सर्व्हरला तो भार झेपेनासा झाला होता. व्हेरिसाइन ही तेव्हा इंटरनेटच्या पत्त्यांचा आणि सुरक्षा-प्रमाणपत्रांचा व्यवहार करणारी कंपनी. विश्वासाचा धंदा करणाऱ्याच्या हाती विश्वासाविनाच चालणारी सेवा गेली, हे त्यातलं गंमतीचं. त्याच्या काही महिने आधी याहूने ब्लो डॉट जीएस घेतलं होतं. छंद म्हणून सुरू झालेल्या खुल्या सेवा एकेक करून मोठ्या घरात गेल्या, त्यामागे हौस थोडी आणि येणारा ओघ न पेलणं जास्त होतं. त्या ओघात खरे किती होते, हा प्रश्न मात्र विक्रीच्या वेळी कुणी जोरात विचारलेला दिसत नाही.

त्याच ऑक्टोबरच्या एका शनिवार-रविवारी उत्तर मिळालं. कुणीतरी यंत्राच्या साहाय्याने गूगलच्या ब्लॉगर-सेवेतल्या ब्लॉगस्पॉटवर हजारो स्प्लॉग एका दमात उघडले. त्यांत भरलेला मजकूर नामांकित ब्लॉगरांच्या नावांनी आणि त्यांच्याच वाक्यांनी खच्चून भरलेला होता. परिणाम असा की ज्यांनी आपल्या नावाची वर्दी टेक्नोराती किंवा पबसबवर लावून ठेवली होती, त्यांच्या पुढ्यात सोमवारी सकाळी शेकडो खोट्या वर्द्या. आपल्याबद्दल कोण काय लिहितंय हे कळावं म्हणून घेतलेली सोय त्या दोन दिवसांत निकामी झाली. बडे ब्लॉगर गूगलवर तुटून पडले, आणि गूगलने हजारो ब्लॉग उडवले. ब्लॉगरने त्याआधीच कमेंट लिहिणाऱ्याला वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावायला सुरुवात केली होती. संशयास्पद ब्लॉगांच्या मालकांनाही आता ती परीक्षा द्यावी लागू लागली.

आकड्यांकडे वळू, पण जपून. मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर परिसरात टिम फिनिन आणि अनुपम जोशी यांच्या गटात प्रणाम कोलारी, अक्षय जावा वगैरे संशोधक याच विषयावर काम करत होते. त्यांनी वेबलॉग्ज डॉट कॉमची ती खुली यादी घेऊन इंग्रजी ब्लॉगांच्या पिंगांचं वर्गीकरण केलं. निष्कर्ष: सुमारे तीन-चतुर्थांश पिंग स्प्लॉगांचे. टेक्नोरातीने 2006च्या सुरुवातीला स्वतःच्या दाराशी येणाऱ्यांपैकी साधारण 60 टक्के पिंग ठाऊक असलेल्या स्पॅमच्या ठिकाणांहून येतात असं सांगितलं. त्याच टेक्नोरातीच्या हिशोबात नव्याने निघणाऱ्या ब्लॉगांमध्ये स्प्लॉगांचं प्रमाण मात्र दहा टक्क्यांच्याही आत होतं. वरकरणी हा विरोध वाटतो, पण तो नाही. माणूस आठवड्यातून एकदा लिहितो, स्प्लॉग तासाला लिहितो. ब्लॉगांच्या गणतीत स्पॅम अल्पसंख्य आणि पिंगांच्या गणतीत बहुसंख्य, असं एकाच वेळी असू शकतं. ‘निम्म्याहून अधिक ब्लॉग खोटे’ अशा मथळ्यांनी त्या काळी बराच धुरळा उडवला. त्यात काय मोजलंय हे क्वचितच लिहिलेलं असे.

मेरीलँडच्या कामातलं मला सगळ्यात आवडलेलं निरीक्षण वेगळंच आहे. त्यांनी इटालियन भाषेतल्या ब्लॉगांचे पिंग वेळेनुसार मांडले, तर आलेखाला स्पष्ट चढ-उतार होते: दिवसा वर, रात्री खाली. इटलीतली माणसं रात्री झोपतात. इंग्रजी पिंगांच्या आलेखात मात्र असा दिवसरात्रीचा ठसा दिसेना. इंग्रजी जगभर लिहिली जाते हे एक कारण धरलं, तरी वेगळ्या काढलेल्या स्प्लॉगांच्या पिंगांनाही झोप नव्हतीच. मजकूर न वाचता, केवळ कोण कधी जागं असतं यावरून माणूस आणि यंत्र वेगळे पडत होते. पुढे स्पॅम गाळणाऱ्यांनी अशा वागणुकीच्या खुणांवर बरीच मदार ठेवली, कारण शब्द बदलणं स्वस्त असतं आणि सवय बदलणं त्या मानाने महाग.

आतापर्यंत पिंगमधून स्पॅम आत कसा आला ते पाहिलं. त्याची दुसरी बाजू कमी बोलली जाते. ती खुली यादी स्पॅमवाल्यांनाही वाचता येत होती. कुठल्या ब्लॉगवर आत्ता, या मिनिटाला, ताजी नोंद आली हे त्यांना फुकट कळत होतं. कमेंटमध्ये लिंका डकवणाऱ्याला यासारखी माहिती दुसरी नाही: पान ताजं आहे, वाचक येणार आहेत, मालकाने अजून साफसफाई केलेली नाही. मजकूर उचलणाऱ्यालाही तीच यादी सोयीची. खऱ्या लेखकाचं पान सर्च इंजिनात नोंदलं जायच्या आत त्याची नक्कल स्वतःच्या ठिकाणी टाकून आपणही पिंग द्यायचा, आणि मूळ कोणतं, नक्कल कोणती हे यंत्राला कळू द्यायचं नाही. प्रामाणिक लेखकाचा पिंग असा त्याच्यावरच उलटू शकत होता.

पिंगच्या चुलत भावंडांची कथाही याच वळणाची. सिक्स अपार्ट या कंपनीने 2002मध्ये ट्रॅकबॅक आणलं: मी तुमच्या लेखावर माझ्या ब्लॉगवर काही लिहिलं, तर तुमच्या लेखाखाली तशी नोंद पडावी. इथेही पाठवणाऱ्याची शहानिशा नव्हती. पाठवणारा लिंक देतोय म्हणाला की देतोय. ट्रॅकबॅकची दोन-तीन वर्षांत अशी दुर्दशा झाली की बहुतेकांनी ते कायमचं बंद करून टाकलं. त्यावर सुधारणा म्हणून पिंगबॅक आलं. त्यात निरोप मिळाल्यावर तुमचं यंत्र समोरच्या पानावर जाऊन लिंक खरंच आहे का ते पाहून येतं. शहाणपणाची गोष्ट. पण या पाहून येण्यातच नवी फट निघाली. खोटा निरोप पाठवून हजारो वर्डप्रेस-स्थळांना एकाच बळीच्या पत्त्यावर पाहायला पाठवलं तर? 2014च्या मार्चमध्ये सुकुरी या सुरक्षा-कंपनीने अशा एका हल्ल्याचा तपशील प्रसिद्ध केला: 1 लाख 62 हजारांहून अधिक निर्दोष वर्डप्रेस-स्थळं एका संकेतस्थळावर सोडली गेली होती. त्यांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. त्यात वर्डप्रेसच्या 3.5 या आवृत्तीपासून, म्हणजे 2012च्या अखेरीपासून, पिंगबॅक ज्यातून येतात ते एक्सएमएल-आरपीसीचं दार सगळ्यांसाठी मुळातच उघडं ठेवलं गेलं होतं.

उपायांची गर्दी झाली, त्यांतले बरेचसे लक्षणांवरचे. 2005च्या जानेवारीत गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एकत्र येऊन ‘नोफॉलो’ ही खूण मान्य केली. कमेंटमधल्या लिंकेला ती लावली की सर्च इंजिनने त्या लिंकेचं वजन धरायचं नाही, असं ठरलं. कमेंट-स्पॅमची हवा यातून जाईल अशी आशा होती. गेली नाही, कारण स्पॅमवाल्याला हजार ठिकाणी लिंक टाकण्याचा खर्च जवळपास शून्य आणि कुठली लिंक वजनाची हे तपासण्याचा खर्च त्याहून जास्त. त्याच वर्षी मुलेनवेगने अकिस्मेट काढलं. हजारो ब्लॉगांवरच्या कमेंटा आणि पिंगबॅक एका जागी तपासून स्पॅम वेगळं काढणारी ती सेवा खरोखर उपयोगी ठरली, आजही आहे. तिची ताकद हीच की एका ब्लॉगवर पकडलेला चोर बाकीच्यांना लगेच कळतो.

पिंग-सेवांनी स्वतः काय केलं? काहींनी एकाच पत्त्यावरून किती वेळात किती पिंग घ्यायचे यावर मर्यादा घातली. त्याचा फटका असा बसला की एखाद्या भल्या लेखकाने शुद्धलेखनाची चूक सुधारायला नोंद चार वेळा जतन केली, की वर्डप्रेस चार वेळा पिंग करी आणि तोच स्पॅमर ठरे. यावर उतारा म्हणून पिंगांना लगाम घालणारी प्लगइनं निघाली. काही सेवांनी ठाऊक असलेल्या ब्लॉगांची पांढरी यादी ठेवली आणि बाकीच्यांना रांगेत उभं केलं. म्हणजे ज्या लहान, नवख्या लेखकासाठी हे सगळं उभारलं होतं, तोच आता दाराबाहेर. टेक्नोरातीने 2007च्या एप्रिलमध्ये सात कोटी ब्लॉगांचा आकडा जाहीर केला, त्याबरोबरच रोज तीन ते सात हजार नवे स्प्लॉग जन्माला येतात असंही सांगितलं. इतक्या गाळात सोनं शोधत बसायला पैसा लागतो, आणि तेवढ्यात लोकांचं लक्ष ट्विटर-फेसबुककडे वळलं. 2014मध्ये टेक्नोरातीने ब्लॉगांची ती प्रसिद्ध क्रमवारी गुंडाळली आणि जाहिरातींच्या व्यवसायात ते कायमचं गेलं.

मुळावरचा उपाय 2009मध्ये आला, पण त्याचा गाजावाजा झाला नाही. ब्रॅड फिट्झपॅट्रिक आणि ब्रेट स्लॅटकिन या गूगलमधल्या दोघांनी पबसबहबब नावाची पद्धत मांडली. पुढे तिचं नाव वेबसब झालं आणि 2018च्या जानेवारीत वेबचे मानक ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तिला अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. यात लेखकाने एका मध्यस्थ केंद्राला कळवायचं; केंद्र स्वतः फीड वाचून बदल झालाय का ते पाहतं आणि ज्यांनी त्या फीडचं सभासदत्व मागितलंय फक्त त्यांनाच नवा मजकूर धाडतं. सभासदत्व खरंच मागितलंय का हेही केंद्र उलट विचारून खात्री करून घेतं. खुली यादी नाही, अनोळखी माणसापुढे उभं राहायची सोय नाही. स्प्लॉगने इथे हवे तेवढे पिंग द्यावेत, त्याचे सभासद शून्य, म्हणून त्याचा निरोपही शून्य ठिकाणी जातो. दोन कामं वेगळी काढली की पहिल्यातला स्पॅम जवळपास आपोआप संपतो, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा सापडणार नाही.

जवळपास, कारण संमतीचंही नाटक करता येतं. ब्राउझरच्या सूचनांचा अनुभव आता प्रत्येकाच्या फोनवर आहे. 2015मध्ये क्रोमने ही सोय आणली: वाचकाने ‘अलाऊ’ म्हटलं की संकेतस्थळ नव्या मजकुराची वर्दी थेट त्याच्या पडद्यावर टाकू शकतं. लगेच ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाऊ दाबा’ असल्या फसव्या पाट्या निघाल्या. एकदा दाबलं की लॉटरी, विषाणूचा खोटा इशारा, सवलतीचे खोटे निरोप. 2020मध्ये क्रोमने ही विचारणा करणारी चौकट दबक्या रूपात दाखवायला आणि फसव्या स्थळांवर ती रोखायला सुरुवात केली. तरी घरातल्या ज्येष्ठांचा फोन हातात घेऊन सूचनांची यादी एकदा उघडून पाहावी. त्यांनी कशाकशाला परवानगी दिलीय हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं.

दुसरं काम, अनोळखी लोकांपुढे येण्याचं, त्याचं काय? त्यासाठी 2021च्या ऑक्टोबरमध्ये बिंग आणि रशियाचं सर्च इंजिन यांडेक्स यांनी इंडेक्सनाऊ सुरू केलं. हा पिंगच आहे, फरक एका किल्लीचा. तुम्ही एक लांबलचक किल्ली तयार करून ती स्वतःच्या संकेतस्थळावर एका साध्या फाइलीत ठेवायची आणि निरोपाबरोबर पाठवायची. निरोप देणारा आणि स्थळाचा मालक एकच आहेत एवढं त्यातून सिद्ध होतं. मालक भला आहे हे मात्र सिद्ध होत नाही. आपल्याकडे दूरसंचार नियामक ट्रायने 2018च्या नियमांनी व्यापारी एसएमएस पाठवणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली, तेव्हाही हाच धडा मिळाला: पाठवणारा कोण हे कळलं, नको ते निरोप थांबले नाहीत. फरक इतकाच पडला की दोषी कोण ते शोधता येऊ लागलं, आणि तोही काही कमी नाही. गूगल अजून इंडेक्सनाऊत सामील झालेलं नाही. त्याची स्वतःची इंडेक्सिंग एपीआय ही सोय नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाच्या पानांपुरती आहे, पण ती कशाही पानांसाठी वापरून देणारी प्लगइनं बाजारात सर्रास मिळतात. ‘ब्लॉग अँड पिंग’च्या विक्रेत्यांची पुढची पिढी म्हणायची.

मराठीचं काय? आपल्या भाषेत 2005 ते 2012 या काळात ब्लॉग जोमाने लिहिले गेले, बहुतेक ब्लॉगस्पॉट आणि वर्डप्रेसवर, त्यामुळे पिंग जातच होते, लेखकांना ठाऊक असो वा नसो. मात्र मराठी वाचकाला नवं लेखन सापडे ते ‘मराठी ब्लॉग विश्व’सारख्या ठिकाणी, जिथे लेखकाने आपला ब्लॉग रीतसर नोंदवलेला असे. पिंगच्या खुल्या यादीशी त्याची तुलना केली तर ही नोंदणीची पद्धत सरस होती असं मला वाटतं. आणखी एका गोष्टीने आपलं रक्षण केलं, ती म्हणजे गरिबी. अ‍ॅडसेन्समध्ये हिंदीला 2014च्या डिसेंबरात जागा मिळाली आणि मराठीला त्यानंतरही काही वर्षं थांबावं लागलं. ज्या भाषेत जाहिरातीचा पैसा नाही त्या भाषेत स्प्लॉग कोण काढणार? मराठी ब्लॉगरांची तक्रार असे ती कमेंटमधल्या इंग्रजी स्पॅमची, आणि नाव काढून ईमेलने फिरणाऱ्या आपल्याच लेखांची.

ते दिवस गेले. आज कुठल्याही सरकारी योजनेचं नाव मराठीत शोधा. ‘यादी जाहीर, इथे पाहा’, ‘हप्ता कधी जमा होणार’ असे मथळे, खाली एकमेकांची नक्कल केलेले परिच्छेद, मध्ये जाहिराती, आणि शेवटपर्यंत वाचूनही यादी नाही. मजकूर आता यंत्र अस्खलित मराठीत लिहून देतं, वाक्यं तुटत नाहीत, त्यामुळे वीस वर्षांपूर्वीचा स्प्लॉग जसा नजरेला लगेच टोचे तसा हा टोचत नाही. जाहिरातीचा पैसा मराठीत पोचला, त्याच्या मागोमाग हेही पोचलं.

ज्यांचं स्वतःचं वर्डप्रेस-स्थळ आहे त्यांनी एवढं करावं. सेटिंगमधल्या लेखनाच्या विभागात ‘अपडेट सर्व्हिसेस’च्या चौकटीत पिंग-ओ-मॅटिकचा एकच पत्ता असू द्यावा. शंभर पत्त्यांच्या ज्या याद्या आजही ‘रँकिंग वाढवा’ म्हणून फिरतात, त्यांतले बहुसंख्य पत्ते कधीच बंद पडलेले आहेत, त्या डकवू नयेत. चर्चेच्या विभागात पिंगबॅक आणि ट्रॅकबॅक घेणं बंद करावं, आणि एक्सएमएल-आरपीसी वापरत नसाल तर होस्टिंगवाल्याला सांगून तेही बंद करून घ्यावं. फीड मात्र पूर्ण आणि चालू ठेवा. तुमचे खरे वाचक तिथूनच येतात.